तिसऱ्या सेलमधलं ॲसिड

३ ऑक्टोबर

ताई,

वर आधी 'प्रिय' लिहिलं होतं. मग वाटलं, दोन वर्षांनी एकदम 'प्रिय' वाचून तू पत्र तिथेच मिटवशील, म्हणून कागद बदलला. फोन तू उचलत नाहीस. मेसेज पोचतात, पण वाचले जात नाहीत. म्हणून पोस्टाने लिहिते आहे. पाकिटावरचं माझं अक्षर ओळखून तू ते न उघडताच ठेवून दिलंस, तर माझा इलाज नाही.

आई बरी आहे. गुडघे कुरकुरतात, तीही कुरकुरते. दर रविवारी विचारते, "ताईचा काही निरोप?" मी म्हणते, "कामात असते गं ती." मग ती तोंड फिरवते. तुझ्यावर रुसली आहे, पण कपाटातली तुझी चादर अजून धुऊन, घडी घालून ठेवते.

तुझ्याकडे काम आहे ते छोटंसंच. तू रोज घरी गेल्यावर एका हिरव्या पुठ्ठ्याच्या वहीत लिहायचीस, ती वही आठवते? प्रयोगशाळेचं नोंदवह्यांचं कपाट माझ्याकडेच आहे, त्यातली नव्हे, तुझी स्वतःची. तिच्यात तिसऱ्या सेलच्या अकराव्या आठवड्याचं पान असेल. त्या पानाची प्रत पाठवशील? काळजीचं काही नाही. जुन्या आकड्यांचा ताळा जमवते आहे, इतकंच.

आपले सेल (आपलेच म्हणते, तू रागावलीस तरी) आता प्रयोगशाळेच्या बाहेर पडले आहेत. गावाबाहेर फळांच्या रसाचा कारखाना आहे, तिथल्या सांडपाण्याच्या टाकीशी एप्रिलपासून बारा सेल बसवले आहेत. धुण्याचं गोड पाणी त्यांतून फिरतं आणि त्यांच्या विजेवर टाकीतला वायू तपासणारं यंत्र चालतं. विषारी वायू असला की दाराशी लाल दिवा लागतो आणि शिट्टी वाजते. बाहेरून विजेची तार नाही, बॅटरी नाही. पाहुणे येऊन फोटो काढून जातात. सर खूष आहेत. सत्तावीस तारखेला वरून पाहणी समिती येणार आहे, ती खूष झाली की असे आणखी सहा ठिकाणी बसतील.

सगळं उत्तम चाललं आहे. पान तेवढं पाठव.

धाकटी

८ ऑक्टोबर

ताई,

पाच दिवस झाले. पत्र दोन दिवसांत पोचतं असं पोस्टातल्या बाई म्हणाल्या. मी तीनदा विचारलं, तेव्हा त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे असं बघितलं की चौथ्यांदा विचारायचा धीर झाला नाही.

सगळं उत्तम चाललं आहे असं लिहिलं होतं, ते अगदी खरं नव्हतं. सेलचं व्होल्टेज उतरतं आहे. सप्टेंबरच्या सुरुवातीला साडेपाचशे मिलिव्होल्टच्या आसपास होतं. काल पाचशे वीस होतं, आज पाचशे पाच. कारखान्यात हंगाम जोरात आहे, तिन्ही पाळ्या चालू आहेत. पाणी दुप्पट येतं आणि फार आंबट येतं. तीनशेच्या खाली गेलं की यंत्राला पुरेशी वीज मिळणार नाही. मग दिवा लागणार नाही.

तू विचारशील, मग दिवा विझला की लोकांना कळेलच ना? नाही कळणार. हीच तर गोम आहे. एवढ्याशा विजेवर हिरवा दिवा सतत जळत ठेवणं परवडत नाही, म्हणून फक्त धोक्याचा लाल दिवा ठेवला. लाल नाही म्हणजे ठीक. ही कल्पना माझीच. बैठकीत सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या.

टाकीवर पंप चालवणारे एक काका आहेत. साठीला आलेले, बुटके, आवाज मात्र पहाडी. रोज सकाळी आठ वाजता फोन करून मला आकडा सांगतात. "सुप्रभात बाईसाहेब, आज तुमच्या मंडळींनी पाचशे पाच कमावले." दर गुरुवारी टाकीत उतरून जाळीत अडकलेल्या साली, चोथा काढायचं कामही त्यांचंच. पूर्वी उतरताना हातात वायूचं मीटर न्यायचे. आपला दिवा आल्यापासून ते मीटर कपाटात गेलं.

पहिल्या दिवशी त्यांनी मला विचारलं होतं, "ह्या डब्यांत चालतं काय नक्की? मला कळेल असं सांग." मी म्हटलं, "काका, गोड पाणी साठलं की आंबतं, त्यात ॲसिडं तयार होतात. आत काळ्या कापडावर जिवाणू बसलेत, ते ती ॲसिडं खातात. खाल्लेलं पचवायला आपल्याला श्वास लागतो, पण डब्यात हवाच नाही. मग पचनातून सुटलेले इलेक्ट्रॉन ते त्या कापडाच्या गळ्यात मारतात. कापडातून ते तारेने पलीकडच्या हवेकडे निघतात. जाता जाता आपण त्यांच्याकडून काम करून घेतो."

काका म्हणाले, "म्हणजे जेवणार ते आणि दिवा लागणार आपला. झकास! आणि जेवण पसंत नाही पडलं तर?"

मी हसले होते, ताई. पाहुण्यांनाही हा किस्सा सांगायचे. आता सकाळी आठ वाजता फोन वाजला की आधी वहीत कालचा आकडा बघते, मग उचलते.

पान पाठव. नुसतं पान, बरोबर चिठ्ठी नको असेल तर नको लिहूस.

धाकटी

१४ ऑक्टोबर

ताई,

पान मिळालं. बरोबर एक शब्दही नाही. ठीक आहे, मीच तसं लिहिलं होतं.

तुझ्या तिरप्या अक्षरात लिहिलं आहेस : "सेल ३. प्रोपिऑनिक दिलं. सहा तासांत व्होल्टेज ॲसिटिकइतकंच. अशक्य वाटतं. बाटलीला व्हिनेगरसारखा वास. धाकटीला सांगितलं." खाली आठवड्यानंतरची ओळ : "पुन्हा सांगितलं. म्हणाली, बघते."

मला ती दुपार आठवते. तू खुर्ची ओढून माझ्यासमोर बसलीस आणि म्हणालीस, "हे बघ, ॲसिटिक हे त्यांचं आवडतं खाणं, ते लगेच खाणार. प्रोपिऑनिक त्यांना थेट पचत नाही. दुसऱ्या जातीच्या जिवाणूंनी ते आधी फोडून द्यावं लागतं, त्याला आठवडे जातात. आणि तुझ्या सेलने एका दुपारीत फस्त केलं? ते ॲसिटिकच खातायत, व्हिनेगरचा वास त्याचाच. बाटली बघ जरा." मी म्हटलं होतं, "ताई, तुला माझं काही चांगलं झालेलं बघवतच नाही."

त्याबद्दल मी माफी मागायला हवी होती. मागते.

आता सगळं सांगते. त्या एका आकड्यावर आमचा लेख उभा आहे. आमचे जिवाणू दोन्ही ॲसिडं सारख्याच वेगाने खातात, असं आम्ही छापलं. म्हणूनच कारखान्यात आधी पाणी मुरवायची वेगळी टाकी बांधायची गरज नाही, असं सरांनी ठामपणे सांगितलं. सोमवारी मी कारखान्याचं पाणी तपासलं. ॲसिटिक संपलेलं आहे आणि प्रोपिऑनिक साठत चाललं आहे, दर आठवड्याला जास्त. पीएच साडेपाचवर आला आहे. म्हणजे जे पचायला हवं होतं ते पचत नाही. उलट त्याच आंबटपणात जिवाणू गुदमरत आहेत.

इथे नवा सेल लावून खरं प्रोपिऑनिक देऊन बघितलं. पाच दिवस झाले. व्होल्टेज जमिनीवर पडलं आहे, हलायचं नाव नाही.

तुझं बरोबर होतं.

बाटल्या मीच भरल्या होत्या, चिठ्ठ्याही मीच लावल्या होत्या. चूक माझ्या हातून झाली. पण चूक झाली असेल असं तेव्हा मला खरंच वाटलं नव्हतं, एवढं तरी मान. सरांनी तुझ्यादेखत ती बाटली हुंगली तेव्हा वास प्रोपिऑनिकचाच आला होता, घामट चीजसारखा. तुलाही आला होता. तू गोंधळून गप्प झालीस. मग सरांनी विचारलं की नोंदी कुणाच्या हातच्या, आणि मी म्हणाले ताईच्या, आणि त्यांत दोन ठिकाणी खाडाखोड आहे. खाडाखोड होतीच. मी खोटं बोलले नाही. तुझं कंत्राट पुढे वाढवणार नाहीत हे मला माहीत नव्हतं.

गेली दोन वर्षं तू दुसऱ्या गावात रक्त तपासण्याच्या केंद्रात रोज सकाळी सात वाजता उभी असतेस, हे मला आपल्या मावशीकडून कळलं. प्रयोग करणारी माणसं रक्ताच्या नळ्या मोजत बसली की त्यांना काय वाटतं, हे मी विचारणार नाही.

धाकटी

१७ ऑक्टोबर

ताई,

काल सरांना सांगितलं. सगळे आकडे टेबलावर मांडले. ते बराच वेळ पेन्सिलीला टोक काढत राहिले. मग म्हणाले, "दहा दिवस. सत्तावीसला समिती येऊन जाऊ दे. मग आपण शांतपणे दुरुस्ती छापू, मुरवणटाकी बांधू, सगळं करू. आत्ता बोललात तर प्रकल्प बंद. मग ते कारखान्याचं पाणी कोण साफ करणार? तुम्ही?"

मी म्हटलं, "सर, दिवा..."

"अजून चालू आहे ना?"

चालू आहे. आज तीनशे चाळीस.

"मग? आकडा रोज येतोय. तीनशेच्या जवळ आला की बघू."

ताई, मी हो म्हणाले. 'ठीक आहे सर' म्हणाले आणि वर त्यांच्या खोलीचं दार हळू लावून घेतलं. बाहेर आल्यावर हात धुतले. पुन्हा धुतले. कशाला हात लावला होता म्हणून धुतले, कोण जाणे.

मग कारखान्यात गेले. तिथल्या सुरक्षेच्या साहेबांना म्हटलं, जरा ते जुनं मीटर कपाटातून काढून ठेवाल का? ते म्हणाले, "का? तुमच्या यंत्रात काही बिघाड?" मी म्हटलं, "छे, तसं नाही." ते म्हणाले, "मग तुमच्या सरांचं पत्र आणा, लगेच काढतो." परत येताना जिन्यावर पॅकिंगच्या मावशी भेटल्या. त्या म्हणाल्या, "बाई, तोंड किती उतरलंय तुमचं, जेवता की नाही?" त्यांनी हात धरून मला बाकावर बसवलं, पाणी दिलं. तेव्हा कुणाला तरी सांगून टाकावं असं वाटलं. ओठांवर आलं होतं. पण पाणी पिऊन उठले.

परवा गुरुवार. आकडा रोज वीस-बावीसने उतरतो. परवा साधारण तीनशे राहील. जेमतेम. मी चार वेळा गणित केलं. चारही वेळा तीनशेच येतं. म्हणजे परवाचा दिवस निभेल आणि शुक्रवारी सकाळी मी सरांच्या दारात जाऊन बसेन, पत्र घेतल्याशिवाय उठणार नाही.

हे तुला का कळवते आहे? बहुतेक तू 'मूर्ख आहेस का, आत्ता जा' म्हणावंस म्हणून.

धाकटी

२० ऑक्टोबर

ताई,

काका जिवंत आहेत. हे आधी लिहिते, म्हणजे पुढचं तुला वाचता येईल आणि मला लिहिता येईल.

काल सकाळी आठ वाजता फोन आला. "सुप्रभात बाईसाहेब. आज तुमची मंडळी संपावर दिसतात. एकशे ऐंशी."

रोज वीसने उतरत होतं ते एका दिवसात दीडशेने कोसळलं. माझी चारही गणितं पार चुकली होती.

मी म्हटलं, "काका, आज उतरू नका."

"अगं, जाळी तुंबलीय. पाणी काठाला आलंय. आज नाही उतरलो तर दुपारपर्यंत अंगणात तळं होईल. आणि दिवा कुठे लाल आहे?"

हाच तो क्षण होता. मी म्हणायचं होतं, दिवा मेलाय काका, त्याच्यावर विश्वास ठेवू नका. पाच-सहा शब्दांचं काम. माझ्या डोळ्यांपुढे सर आले, सत्तावीस तारीख आली, तो लेख आला, खरं सांगते, तूही आलीस. दिवा का मेला हे सांगायचं तर बाटलीपर्यंत जावं लागणार होतं.

मी म्हटलं, "बरं, पण कमरेला दोरी बांधून उतरा. आणि वर कुणीतरी उभं राहू दे."

"का गं, आजच एवढी काळजी?"

"असंच."

ते हसले. "बरं बाई, तुझ्या समाधानासाठी बांधतो. बैल करून टाकलास माझा." आणि फोन ठेवला.

मी दोन मिनिटं तशीच बसले. नंतर सरांकडे धावले. ते बैठकीत होते. शिपाई म्हणाला, अर्धा तास लागेल. मी काकांना फोन लावला. नुसती घंटी वाजत राहिली. पुन्हा लावला. मग मी रस्त्यावर आले आणि समोर आली ती गाडी थांबवली. कोण चालवत होतं तेही मला सांगता येणार नाही. वीस मिनिटांच्या वाटेत मी सोळा वेळा फोन लावला. आज फोनमध्ये मोजून बघितलं.

मी पोचले तेव्हा टाकीच्या तोंडाशी पॅकिंगच्या मावशी दोरी दोन्ही हातांनी धरून, पाय रोवून मागे कलल्या होत्या आणि ओरडत होत्या, "जड झाला! एकदम जड झाला!" कारखान्याचा फिटर शिडीवर एक पाय टाकून खाली निघाला होता. काकांना आणायला. दिव्याकडे बघून निघाला होता, ताई. दिवा लाल नव्हता ना.

तेव्हा ते शब्द माझ्या तोंडून निघाले. "उतरू नका! दिवा मेलाय! खाली गॅस आहे!" फिटरची कॉलर धरून मी त्याला मागे ओढलं. आम्ही दोघंही चिखलात पडलो. मग पाच जणांनी मिळून दोरी ओढली. काका वर आले ते पोत्यासारखे. ओठ निळे. डोळे अर्धे उघडे, पण त्यांत काही नव्हतं. कुणीतरी मोठा पंखा लावला, फिटर त्यांची छाती दाबायला लागला. त्याने ते कधीतरी शिकून घेतलं होतं. मी काय केलं? मी काकांचा बूट हातात धरून बसले होते. ओढताना तो निघाला होता.

त्यांनी श्वास घेतला तेव्हा मावशी मटकन खाली बसल्या आणि मोठ्याने रडल्या. त्यांच्या तळहातांची साल निघाली होती.

आज सकाळी आठ वाजता फोन आला नाही. येणार नाही हे माहीत असून मी फोन समोर ठेवून बसले होते.

धाकटी

२६ ऑक्टोबर

ताई,

काकांना अतिदक्षता विभागातून साध्या खोलीत आणलं. धाप लागते, बोलताना मधेच शब्द हरवतो. डॉक्टर म्हणतात, हळूहळू येईल, बरंचसं येईल. 'बरंचसं' म्हणजे किती, हे मी विचारलं नाही.

मी गेले तेव्हा काकू त्यांना चमच्याने सूप भरवत होत्या. मला बघून त्या उठल्या आणि माझे दोन्ही हात धरले. "तू दोरी बांधायला सांगितलंस म्हणून माझा माणूस राहिला गं. तुझे उपकार..." मला तिथून पळून जावंसं वाटलं.

काका मात्र माझ्याकडे एकटक बघत होते. काकू भांडं धुवायला गेल्यावर म्हणाले, "एक विचारू?"

"विचारा."

"मला दोरी बांध म्हणालीस. दिवा बंद आहे असं का नाही म्हणालीस?"

ताई, आवाजात राग नव्हता. ते थांबत थांबत, श्वास घेत, खरंच समजून घ्यायला विचारत होते, पहिल्या दिवशी डब्यांबद्दल विचारलं होतं तसं. मी सगळं सांगितलं. जिवाणूंना जेवण पसंत पडलं नाही, हे मला दहा दिवस आधी माहीत होतं, असं सांगितलं. ते ऐकून त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. तिकडेच बघत म्हणाले, "मी रोज तुला आकडा सांगत होतो. मला वाटायचं, आपण दोघं मिळून राखण करतोय." मग म्हणाले, "जा आता. थकलो." काकू आत आल्या तशी मी त्यांनाही सांगितलं. त्यांनी मी आणलेला जेवणाचा डबा घेतला आणि दार उघडून धरलं.

सरांनी परवा बोलावलं होतं. चौकशी बसली आहे. समितीची पाहणी अर्थातच रद्द झाली. सर म्हणाले, "एक गोष्ट आपल्या बाजूची आहे. दोरीचा सल्ला तुम्ही दिलात. म्हणजे आपण खबरदारी घेतली होती. हे नीट मांडा." मी म्हटलं, "सर, मी दोरी सांगितली ती खरं सांगायला लागू नये म्हणून." ते म्हणाले, "असली वाक्यं चौकशीत बोलायची नसतात." त्याच दुपारी मी लेख मागे घेण्याचं पत्र पाठवलं. त्यात लिहिलं की बाटलीवरची चिठ्ठी चुकीची होती, ती मी लावली होती, आणि ही शंका तू तेव्हाच दोनदा बोलून दाखवली होतीस. तुझं नाव, तुझा हुद्दा लिहिला. सरांनी मला कामावर येऊ नका म्हणून कळवलं आहे.

आणि आईला सांगितलं. ती भाजी निवडत होती. ऐकून घेतलं, मग विळी बाजूला सारली.

"म्हणजे तिने चूक केली नव्हती?"

"नाही."

"आणि दोन वर्षं मी तिच्यावर रागावून बसले. ती दुरून फोन करायची तेव्हा मी दोन वाक्यांत ठेवून द्यायचे. म्हणायचे, आधी बहिणीची क्षमा माग." तिचा आवाज चिरका झाला. "मला असं का वागायला लावलंस गं?"

तू आईला फोन करायचीस हे मला माहीतच नव्हतं. तिने मला सांगितलं नाही आणि मी तिला सांगितलं नाही. एकाच घरात, एकाच टेबलावर जेवत होतो.

तेरा तारखेला चौकशीची सुनावणी आहे. तुलाही बोलावतील. माझी बाजू सांभाळू नकोस.

धाकटी

१४ नोव्हेंबर

ताई,

तू काल आलीस. मला वाटलं होतं लेखी जबाब पाठवशील.

कारखान्याच्या त्या लांबट खोलीत तू खिडकीजवळ बसलीस आणि माझ्याकडे एकदाही बघितलं नाहीस. मी मात्र बघत होते. केस कापलेस. चष्मा नवा आहे. बोलताना अंगठ्याने बोटाचं पेर दाबायची सवय तीच आहे. चौकशी अधिकाऱ्यांनी विचारलं, तेव्हा तू तुझ्या वहीतल्या ओळी वाचल्यास, एक शब्द वाढवला नाहीस की गाळला नाहीस. "तुमच्या बहिणीबद्दल काही सांगायचंय?" या प्रश्नावर म्हणालीस, "प्रश्न सेलचा आहे. सेलबद्दल विचारा." सर त्या वेळी खाली बघत होते. काका चाकांच्या खुर्चीतून आले होते, मावशी त्यांना घेऊन आल्या होत्या. तू बोललीस तेव्हा त्यांनी मान हलवली, ते तू बघितलंस की नाही कोण जाणे.

निकाल यायला वेळ आहे. पण सेल उतरवले आहेत, मीटर कपाटातून निघालं आहे, आणि उतरण्याआधी टाकीत अर्धा तास हवा सोडायची, असा फलक दारावर लागला आहे. लाल दिवा कापून टाकला. पुन्हा कधी असं यंत्र बसलंच, तर सगळं ठीक असताना दिवा जळेल आणि काहीही बिघडलं की विझेल, असंच बसवायला लागेल, हे मी जबाबात लिहून दिलं आहे. ते पोराटोरांनाही सुचलं असतं. मला सुचलं नाही, कारण दिवा विझलेला लोकांना दिसावा हेच मला नको होतं बहुतेक.

संपल्यावर मी तुझ्यामागून बसथांब्यापर्यंत आले. तू वळलीस आणि मला एकच प्रश्न विचारलास. "बाटलीत काय आहे हे तुला तेव्हाच माहीत होतं का?"

मी म्हटलं, "आठवत नाही गं."

सकाळी अधिकाऱ्यांनीही हेच विचारलं होतं. त्यांनाही मी हेच उत्तर दिलं होतं. त्यांनी लिहून घेतलं आणि पुढे गेले. तू मात्र तिथेच उभी राहिलीस. बस आली, दार उघडलं, तरी वाट बघत राहिलीस. मग चढलीस.

ताई, हो. माहीत होतं.

तू दुसऱ्यांदा सांगितलंस त्या दिवशी. दुपारी तू जेवायला गेलीस, तेव्हा मी ती बाटली उघडली. स्वच्छ व्हिनेगरचा वास. नाक लावायचीही गरज नव्हती. लेख चार दिवसांपूर्वी पाठवून झाला होता. मी बाटली बेसिनमध्ये ओतली, तीनदा धुतली, मोठ्या बाटलीतून खरं प्रोपिऑनिक भरलं आणि होती तिथे ठेवून दिली. चिठ्ठी तीच. दुसऱ्या दिवशी तू सरांना घेऊन आलीस, त्यांनी हुंगलं, तुझ्याकडे बघितलं. तूही हुंगलंस. तुझा चेहरा मी बघितला. स्वतःच्या नाकावरचा विश्वास उडालेल्या माणसाचा तो चेहरा होता, आणि मी समोर हातमोजे घालून उभी होते. तू गेल्यावर आठवड्याने त्याच बाटलीतून तिसऱ्या सेलला खाणं दिलं, तर त्याचं व्होल्टेज पडलं. मी सेलमधला पडदा गळतो आहे असं लिहिलं आणि सेल फेकून दिला.

म्हणजे चूक बाटली भरताना झाली, ती चूकच होती. त्यानंतरची एकही गोष्ट चूक नव्हती. सगळं मी शुद्धीत राहून केलं. चौदा ऑक्टोबरच्या पत्रात 'एवढं तरी मान' असं तुला लिहिलं, तेव्हासुद्धा.

हे तुला वाचून काय वाटेल याचा अंदाज करायचा मी प्रयत्न केला आणि सोडून दिला. माफ कर म्हणत नाही. आईला फोन कर, ती रोज फोनपाशी बसते. ते माझ्यासाठी नको करूस.

आणखी एक. हेच सगळं, याच शब्दांत, मी आज सकाळी चौकशी अधिकाऱ्यांना लिहून पाठवलं. काकांना समोर बसून वाचून दाखवलं, मग पाकीट बंद केलं आणि पेटीत टाकलं. ते गेल्यावरच हे पत्र लिहायला बसले. आधी तुला लिहिलं असतं, तर तू काय म्हणतेस याची वाट बघण्याच्या निमित्ताने ते पाकीट माझ्याकडेच राहिलं असतं. मी मला ओळखते.

धाकटी